परक्यांच्या छावणीतला बोहेमी सरदार : काउंट थुर्न

बोहेमिया देशातील यान हुस याचे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचे आहे. 1415 साली कॉन्स्टन्स येथे त्यास जाळून मारण्यात आले, व त्याच्या राखेतून त्या देशात प्रभुभोजनाचा प्याला सर्व लोकांस मिळावा म्हणून मोठी चळवळ उभी राहिली. परंतु त्यानंतर दोनशे वर्षांनी त्याच देशातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे काय झाले, व त्या कामी ज्याने प्रथम हात उगारला आणि पुढे वीस वर्षे परमुलखात तलवार वाहिली, तो यिंद्रिख मात्याश थुर्न कोण होता, हे थोड्यांसच ठाऊक असेल. त्याचे चरित्र संताचे नव्हे. ते एका शिपाईगड्याचे आहे, आणि त्यात चुका पुष्कळ आहेत. तरी आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांनी ते वाचावे असे आम्हांस वाटते, कारण त्याचा आरंभ दोन लहानशा प्रार्थनामंदिरांच्या तंट्यापासून झाला.

थुर्न याचा जन्म 24 फेब्रुवारी 1567 रोजी बोहेमियातील लिप्नित्से येथील किल्ल्यात झाला. घराणे मूळचे दक्षिणेकडून आलेले, बापाचा धर्म ल्यूथरन, आई बोहेमियातील प्रसिद्ध श्लिक घराण्यातली. घरात मुलांची संख्या मोठी, म्हणून धाकट्याच्या वाट्यास जमीन येण्याची आशा थोडीच होती. अशा मुलाने त्या काळी एकतर चर्चमध्ये जावे नाहीतर फौजेत. थुर्न फौजेत गेला. तरुणपणी तो बादशाही वकिलातीबरोबर कॉन्स्टान्टिनोपलपर्यंत जाऊन आला, आणि 1593 साली तुर्कांशी जे लांबलचक युद्ध सुरू झाले त्यात हंगेरीच्या रणांगणावर लढून कर्नलच्या हुद्द्यास चढला. ते युद्ध 1606 साली संपले. चेक भाषा त्यास नीट बोलता येत नसे. त्याचा बहुतेक व्यवहार जर्मन भाषेत चाले. तरी 1605 साली यिचिन गावाजवळची वेलिश ही जहागीर मिळाली, तेव्हापासून तो बोहेमियाच्या सरदारांच्या सभेत बसू लागला, व त्या देशाची बाजू ती आपली बाजू असे मानू लागला.

त्या वेळी बोहेमियात बहुसंख्य लोक रोमन मंडळीच्या बाहेरचे होते. कोणी हुसच्या परंपरेतले, कोणी ल्यूथरन, कोणी बंधुमंडळीतले. राजा मात्र हाप्सबुर्ग घराण्यातला, रोमन पंथाचा. 9 जुलै 1609 रोजी रुडोल्फ बादशहाने, गादी डळमळीत झाली म्हणून नाइलाजाने, एक सनद लिहून दिली. तिच्यान्वये सरदार, शिलेदार, नगरवासी व खेड्यांतील कुळे यांस आपल्या मताप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक मिळाली, व राजाच्या जमिनीवर प्रॉटेस्टंटांस मंदिरे बांधता येतील असेही त्याच वेळी ठरले. या सनदेचे रक्षण करण्यासाठी जे रक्षक नेमले गेले त्यांत थुर्न एक प्रमुख होता. कुळासही धर्माच्या बाबतीत मालकाच्या जबरीपासून सोडविणारी अशी सनद त्या काळी युरोपात फार विरळा होती, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुढे 1611 साली माथियास गादीवर आला. त्याने थुर्न यास कार्लष्टाइनची किल्लेदारी दिली. राज्याचा मुकुट व दप्तरे ज्या किल्ल्यात ठेवीत तो हा किल्ला. तेव्हा मानही मोठा आणि उत्पन्नही चांगले. 1617 साली माथियासने आपला चुलतभाऊ फर्डिनांड यास पुढचा राजा म्हणून मान्य करून घेण्यासाठी सभा बोलाविली. फर्डिनांडने आपल्या स्टिरिया प्रांतात प्रॉटेस्टंट उपदेशकांस हाकलून दिले होते, हे सर्वांस ठाऊक होते. तरी भीतीने म्हणा, मोहाने म्हणा, बहुतेकांनी होकार दिला. नकार देणाऱ्या मूठभरांत थुर्न होता. त्याचे फळ त्यास लगेच मिळाले. कार्लष्टाइनची किल्लेदारी त्याच्याकडून काढून रोमन पक्षाच्या यारोस्लाव मार्टिनित्स या सरदारास देण्यात आली.

येथे आम्हांस थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. थुर्नच्या मनात धर्माचा कळवळा होता की गेलेल्या किल्लेदारीचा राग होता, हा प्रश्न इतिहासकार आजवर विचारीत आले आहेत. आमच्या मते दोन्ही होते, आणि कोठे एक संपले व दुसरे सुरू झाले हे त्याचे त्यासही सांगता आले नसते. मंडळीच्या पंचायतीत बसलेल्या माणसास हे काही नवे वाटणार नाही.

आता त्या दोन मंदिरांची हकीकत. उत्तर बोहेमियातील ब्रोउमोव्ह येथे एका मठाधिपतीची सत्ता होती व ह्रोब येथे प्राग शहराच्या आर्चबिशपची. दोन्ही ठिकाणच्या प्रॉटेस्टंट लोकांनी आपापली मंदिरे बांधली. त्यांचे म्हणणे असे की, धर्मसंस्थांच्या जमिनी या मुळात राजाच्याच होत, तेव्हा सनदेचा लाभ आम्हांस आहे. मठाधिपती व आर्चबिशप यांचे म्हणणे असे की, जमीन आमची, तुम्ही आमची कुळे, आमच्या परवानगीवाचून येथे वीटही ठेवता येणार नाही. बादशाही कारभाऱ्यांनी दुसऱ्या पक्षाचे ऐकले. ह्रोबचे मंदिर 1617 साली पाडून टाकण्यात आले. ब्रोउमोव्हचे बंद करण्याचा हुकूम झाला व तेथील काही लोकांस कैदेत टाकले. मंदिर कोणाच्या जागेवर उभे आहे, सातबारा कोणाच्या नावाचा आहे, असले प्रश्न ज्या मंडळीवर येऊन गेले असतील तिला या तंट्याचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. कागद दोन्हीकडे होते. सत्ता एकीकडेच होती.

सनदेच्या रक्षकांनी प्राग येथे सभा भरविली. बादशहाने सभा भरविण्यास मनाई केली. मनाईचे ते उत्तर प्रागमधील कारभाऱ्यांनीच लिहवून घेतले असा लोकांचा समज झाला, आणि थुर्नने हा समज वाढू दिला. 23 मे 1618 रोजी सकाळी पुष्कळ सरदार व शिलेदार शस्त्रे घेऊन प्रागच्या राजवाड्यातील कचेरीत शिरले. तेथे चार कारभारी होते. दोघांस, ते सौम्य प्रकृतीचे म्हणून, बाजूच्या दालनात नेले. राहिले मार्टिनित्स आणि विलेम स्लावाता. यांतला स्लावाता लहानपणी बंधुमंडळीत वाढलेला असून पुढे रोमन पंथात गेला होता, म्हणून त्याच्यावर लोकांचा राग अधिक. बोलाचाली झाली, आणि दोघांसही उचलून खिडकीतून खाली टाकले. स्लावाताने खिडकीची कड धरून ठेवली, तेव्हा बोटांवर प्रहार करून ती सोडविली. त्यांचा चिटणीस फाब्रिसियस यासही त्यांच्यामागून टाकले. पन्नास फुटांहून अधिक उंचीवरून पडून तिघेही वाचले. रोमन पक्षाने म्हटले की पवित्र मरियेने त्यांस झेलले. प्रॉटेस्टंटांनी म्हटले की खाली उकिरडा होता. चिटणिसास पुढे बादशहाने सरदारकी दिली व तिचे नाव उंच उडीवरून ठेवले, हे वाचून आम्हांस हसू आल्यावाचून राहिले नाही. परंतु त्या खिडकीतून जे युद्ध बाहेर पडले ते तीस वर्षे चालले, आणि त्यात मध्य युरोपाचे कित्येक प्रांत ओसाड झाले.

या कृत्याचे समर्थन आम्ही करीत नाही. मंदिर पाडणाराने अन्याय केला यात संशय नाही. परंतु ब्रोउमोव्हच्या विणकरांनी आणि ह्रोबच्या गरीब लोकांनी कोणास खिडकीतून टाका असे सांगितले नव्हते. ते काम थोरामोठ्यांनी केले, आणि त्याचा दंड पुढे खेड्यांनी भरला.

सभेने तीस कारभारी नेमले, प्रत्येक वर्गातून दहा, व फौजेची सूत्रे थुर्नच्या हाती दिली. त्याचे वय तेव्हा एकावन्न वर्षांचे होते. आरंभी यश आले. नोव्हेंबर 1618 मध्ये लोम्नित्से येथे बादशाही सेनापती ब्युक्वा याचा मोड झाला. पुढील वसंत ऋतूत थुर्न मोराव्हियात शिरला व तो प्रांत बोहेमियाच्या बाजूस आला. तेव्हा त्या प्रांताच्या चाकरीत असलेला एक तरुण कर्नल खजिन्याची रोकड घेऊन व्हिएन्नास पळाला. त्याचे नाव आल्ब्रेख्ट वालेनश्टाइन. तोही प्रॉटेस्टंट घरात जन्मून रोमन पंथात गेलेला. या दोघांची गाठ पुढे एकदा पडावयाची होती.

जून 1619 च्या आरंभी थुर्नची सुमारे दहा हजार फौज व्हिएन्ना शहराच्या उपनगरांत येऊन ठेपली. आत फर्डिनांड जवळजवळ एकटा. ऑस्ट्रियातील प्रॉटेस्टंट सरदार त्याच्या वाड्यात जाऊन त्याच्याकडे मागण्या करीत होते. त्या क्षणी स्वारांची एक लहान तुकडी शहरात शिरली, सरदार पांगले, आणि वेशी बंदच राहिल्या. थुर्नजवळ तट फोडण्याजोग्या मोठ्या तोफा नव्हत्या. शहरातील आपले धर्मबंधू आतून दार उघडतील या भरवशावर तो आला होता. इतक्यात पाठीमागे साब्लाट येथे त्याच्या पक्षाचा सरदार मान्सफेल्ड याचा पराभव झाल्याची बातमी आली व त्यास परतावे लागले. त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडी ट्रान्सिल्व्हेनियाचा राजा बेथलेन गाबोर याच्यासह तो पुन्हा व्हिएन्नाजवळ गेला, आणि पुन्हा रिकाम्या हाताने परतला.

दरम्यान बोहेमियाच्या सभेने फर्डिनांडास पदच्युत करून ऱ्हाइनच्या पॅलाटिनेटचा फ्रेडरिक यास राजा केले. राजा तरुण, शिपायांचा पगार थकलेला, सेनापतींत एकमत नाही. पगार न मिळाल्यामुळे 1620 च्या उन्हाळ्यात फौजेने बंडाळी केली. रविवार, 8 नोव्हेंबर 1620 रोजी प्रागजवळच्या पांढऱ्या डोंगरावर लढाई झाली. थुर्नची स्वतःची पायदळ पलटण पुढे सरसावली, दुरून बंदुका झाडल्या, आणि पाठ फिरवून पळत सुटली. दोन तासांच्या आत सर्व आटोपले. राजा फ्रेडरिक दुसऱ्या दिवशी प्राग सोडून गेला, आणि थुर्नही गेला.

मागे जे राहिले त्यांचे हाल सांगवत नाहीत. 21 जून 1621 रोजी प्रागच्या जुन्या नगरीच्या चौकात सत्तावीस जणांस देहान्त शिक्षा झाली. तीन सरदार, सात शिलेदार, सतरा नगरवासी. प्रसिद्ध वैद्य येसेनियस याची आधी जीभ कापली. थुर्नच्या मातेच्या कुळातला योआखिम आंद्रेआस श्लिक हाही त्यांत होता. तो आश्रयास गेला असता सॅक्सनीच्या प्रॉटेस्टंट एलेक्टराने त्यास धरून बादशहाच्या स्वाधीन केले होते. बारा जणांची मस्तके पुलाच्या बुरुजावर लोखंडी पिंजऱ्यांत टांगण्यात आली. थुर्न यास त्याच्या गैरहजेरीत मरणाची शिक्षा ठरली व मालमत्ता जप्त झाली; वेलिशची जहागीर पुढे त्याच वालेनश्टाइनच्या पदरी पडली. 1609 ची सनद फर्डिनांडने कापून रद्द केली. मग प्रॉटेस्टंट पाळकांस हद्दपार केले, आणि 1627 साली सरदार व शिलेदारांस हुकूम झाला की सहा महिन्यांत रोमन पंथ स्वीकारा नाहीतर देश सोडा. हजारो कुटुंबे निघून गेली. बंधुमंडळीचा विद्वान पाळक कोमेनियस हा 1628 साली निघाला, तो परत आला नाही. कुळांस मात्र देश सोडण्याचीही मोकळीक नव्हती. ती जमिनीस बांधलेली. त्यांनी शास्त्राची पुस्तके भिंतींत व लाकडाच्या ढिगाऱ्यांत लपविली, वरून मासला गेले, रात्री घरात वाचन केले. अशाच कुळांच्या वंशजांनी शंभर वर्षांनी सीमा ओलांडून 1722 साली हेर्नहुट हे गाव वसविले, आणि 1732 पासून तेथून परदेशांत मिशनरी गेले. हिमालयातील लाहूल खोऱ्यात सुवार्ता नेणारे मोरेव्हियन बंधू त्याच मंडळीचे.

थुर्नचे पुढील जीवन म्हणजे एका छावणीतून दुसऱ्या छावणीत. प्रथम तो बेथलेन गाबोर याच्याकडे राहिला, व फ्रेडरिकच्या वतीने तुर्कांच्या दरबारी मदत मागण्यास गेला. ज्या तुर्काशी तरुणपणी तेरा वर्षे लढला, त्याच्याच दारी जाण्याची ही वेळ. दावीद राजास शौलाच्या भीतीने पलिष्ट्यांच्या आखीश राजाचा आश्रय करावा लागला होता, ती कथा वाचकांस आठवेल. बेथलेनने बादशहाशी तह केला तेव्हा थुर्न व्हेनिस सरकारच्या चाकरीत गेला. व्हेनिस रोमन पंथाचे राज्य, परंतु हाप्सबुर्गांचे शत्रू; त्यांस अनुभवी सेनापती हवा होता. 1627 साली तो डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिस्तियान याच्या फौजेत दिसतो. त्या वर्षी होल्स्टाइनमध्ये डेनिश फौजेची दाणादाण झाली, व शत्रूचा सेनापती होता वालेनश्टाइन. तेथून थुर्न स्वीडनच्या गुस्ताव आडोल्फ राजाकडे वळला.

त्याचा पुत्र फ्रांत्सिस बर्नार्ड हा त्याच्या आधीच स्वीडनच्या चाकरीत होता. या मुलाने ग्लाट्स हा बोहेमियाचा शेवटचा किल्ला, सर्व देश पडल्यावरही, ऑक्टोबर 1622 पर्यंत लढविला होता. स्वीडनच्या राजाने त्याच्या घराण्यास बाल्टिक समुद्राकाठी पेर्नाऊची जहागीर दिली. परंतु 1628 साली प्रशियातील मोहिमेत तो मरण पावला. साठी ओलांडलेल्या बापास आता ना देश होता, ना मुलगा. सून आणि नातू तेवढे उरले.

1631 साली एकदा दार उघडले. सॅक्सनीच्या एलेक्टराने, ज्याने श्लिकला धरून दिले होते त्यानेच, स्वीडनशी मैत्री करून बोहेमियावर फौज पाठविली, आणि नोव्हेंबरात प्राग हाती आले. फौजेबरोबर हद्दपार लोक परतले. त्यांत चौसष्ट वर्षांचा थुर्न होता. त्यांनी पहिली काही कामे केली त्यांत एक हे की, पुलाच्या बुरुजावर चढून ती मस्तके खाली काढली. दहा वर्षे ऊन, पाऊस व बर्फ यांत ती टांगलेली होती. श्लिकचे मस्तक पूर्वीच नातलगांस मिळाले होते, म्हणून अकराच होती. ती पेटीत ठेवून मिरवणुकीने टीन मंदिरात नेली, उपासना केली, आणि ती जागा शत्रूस कळू नये म्हणून गुप्तपणे पुरली. ती जागा आजही निश्चित ठाऊक नाही. ही माणसे थुर्नची सोबती होती. ती थांबली आणि तो निसटला, एवढाच फरक. बुरुजाखाली उभे राहून त्याच्या मनात काय आले असेल याची कल्पना आम्ही करू जाणार नाही.

सहा महिन्यांतच, मे 1632 मध्ये, वालेनश्टाइनने प्राग परत घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात गुस्ताव आडोल्फ ल्युट्सनच्या रणांगणावर पडला. थुर्न सिलेशियात स्वीडिश फौजेचा सरदार झाला. 11 ऑक्टोबर 1633 रोजी ओडर नदीकाठच्या श्टाइनाऊ येथे वालेनश्टाइनने त्यास अचानक गाठले आणि सर्व फौजेसह कैद केले. ज्याने ती खिडकी उघडली तो पंधरा वर्षांनी हाती आला! व्हिएन्नामध्ये आनंद झाला; त्यास बेड्या घालून आणतील आणि चौकात शिक्षा होईल अशी सर्वांची खात्री. वालेनश्टाइनने मात्र त्यास सोडून दिले. किंमत एवढीच की, सिलेशियातील किल्ल्यांतल्या शिबंदीने किल्ले खाली करावेत असे हुकूम थुर्नने आपल्या सहीने द्यावेत. त्याने ते दिले.

त्याच्या चरित्रातील ही गोष्ट आम्हांस सर्वांत जड वाटते. पांढऱ्या डोंगरावर पलटण पळाली त्यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. येथे सही त्याची होती. सासष्ट वर्षांचा म्हातारा, समोर वधस्तंभ. त्याच्या जागी आपण काय केले असते असे ज्याने स्वतःस विचारले नाही त्याने त्यास दोष देऊ नये. तरी जे किल्ले त्याच्या शब्दावर अवलंबून होते त्यांतील माणसांस त्या सहीचा अर्थ काय झाला, हेही विसरता येत नाही. वालेनश्टाइनवर या औदार्याबद्दल दरबाराचा संशय अधिकच वाढला, आणि 25 फेब्रुवारी 1634 रोजी एगर गावी त्याच्याच फौजेतील सरदारांनी त्याचा खून केला.

यानंतर थुर्नच्या हाती मोठे काम आले नाही. 1635 साली सॅक्सनीने प्राग येथे बादशहाशी तह केला व हद्दपार बोहेमी लोकांस वाऱ्यावर सोडले. म्हातारा पेर्नाऊ येथे सुनेच्या जहागिरीत जाऊन राहिला. जन्मगावापासून शेकडो कोस दूर, सपाट, थंड, समुद्राकाठचा मुलूख. आजूबाजूचे लोक एस्टोनियन बोलणारे. तेथेच जानेवारी 1640 मध्ये, त्र्याहत्तरावे वर्ष पुरे होण्यास महिनाभर उरला असता, तो मरण पावला. आठ वर्षांनी, 1648 साली, वेस्टफालियाचा तह होऊन ते युद्ध थांबले. त्यात जर्मनीतील प्रॉटेस्टंटांस पुष्कळ मिळाले. बोहेमियाच्या हद्दपारांस परत येता येईल असे एकही कलम त्यात पडले नाही. नातू हेन्रिक स्वीडनच्याच चाकरीत राहिला, आणि 1656 साली रीगा शहराच्या रक्षणात पडला.

थुर्नची कबर टालिन शहराच्या टेकडीवरील मोठ्या ल्यूथरन मंदिरात आहे. त्या काळी त्या शहरास रेव्हाल म्हणत. मंदिराच्या भिंतींवर तेथील सरदार घराण्यांची लाकडी ढालचिन्हे टांगलेली आहेत, आणि त्याच फरशीखाली स्वीडनच्या सेनापतींशेजारी हा बोहेमी सरदार पुरलेला आहे.